भाची दीड वर्षासाठी फिलिपिन्सला मिशनवर चालली आहे : तिकडचा दिवस कसा जातो?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पुण्यात शिकायला असलेली तुमची भाची काही वर्षांपूर्वी ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ची, म्हणजे लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात त्याची, सदस्य झाली. आता तिला फिलिपिन्समधल्या नागा मिशनचं बोलावणं आलंय, म्हणजे दीड वर्ष तिथे राहून चर्चचा प्रचार आणि सेवा करायची. तुमच्या बहिणीची झोप उडाली आहे. पोरगी तिथे दिवसभर करणार काय, राहणार कुणाबरोबर, खाणार काय, फोन होईल का, पैसे कोण देणार आणि नको वाटलं तर परत येता येईल का, असे तुमचे प्रश्न आहेत.

मी त्याच भागात, लुझॉन बेटाच्या दक्षिण टोकाकडच्या बिकोलमध्ये, सिस्टर मिशनरी (मुलींना तिथे सिस्टर म्हणतात) म्हणून सेवा केली आहे. ऑक्टोबर 2012 मध्ये चर्चने वयाची अट मुलांसाठी 19 वरून 18 आणि मुलींसाठी 21 वरून 19 केली. त्यानंतर जगभरातून मुलींची जी लाट निघाली, त्यातली मी एक. आता पुण्या-मुंबईतून निघणाऱ्या मुलामुलींची तयारी करून घेते. माझे आईवडील चर्चचे सदस्य नाहीत, आमच्या घरी आजही गणपती बसतो. त्यामुळे तुमच्या बहिणीच्या जागी बसलेली आई कशी दिसते, हे मी जवळून पाहिलंय.

तुमचे प्रश्न पुन्हा वाचले तेव्हा असं वाटलं की फोन आणि जेवण हे वरवरचे आहेत. खरी काळजी अशी आहे की दीड वर्ष नजरेआड राहिलेली मुलगी सुखरूप राहील का, आणि आपली राहील का. याचं उत्तर मी श्रद्धेच्या चर्चेतून देणार नाही, कारण त्यावर तुमचं-माझं एकमत व्हायची गरज नाही. मिशनवर गेलेल्या मुलीचं मन आणि तब्येत दोन गोष्टींवर टिकते : दिवसाची चौकट आणि बरोबर राहणारी दुसरी मुलगी. या दोन्ही कशा चालतात ते घरच्यांना कळलं, की निम्मी काळजी उतरते आणि उरलेली निम्मी योग्य ठिकाणी लागते.

आधी एक गोष्ट कबूल करते. सगळीकडे सगळं सारखं नसतं. नागा शहरात राहणारी सिस्टर आणि तिथून दोन तासांवरच्या खेड्यात राहणारी सिस्टर यांचा दिवस वेगळा जातो. मिशन प्रेसिडेंट कोण आहे यावरही पुष्कळ ठरतं. हे पद तीन वर्षांचं असतं, नवराबायको दोघे मिळून ते सांभाळतात, आणि प्रत्येक जोडप्याची पद्धत वेगळी. कुणी आकड्यांकडे जास्त बघतं, किती लोक शिकताहेत, किती रविवारी आले. कुणी मुलांच्या मनाकडे जास्त बघतं. तुमच्या भाचीला कोण मिळेल हे मी सांगू शकत नाही. पण खालची चौकट बहुतेक सगळ्यांना लागू पडते.

सुरुवात प्रशिक्षण केंद्रापासून. आपल्याकडच्या मुलांना बरेचदा मनिलाजवळ, क्वेझॉन सिटीतल्या केंद्रात पाठवतात. नवी भाषा शिकायची असेल तर साधारण सहा आठवडे धरा, त्यातला पहिला भाग हल्ली घरूनच ऑनलाइन होतो. तुमच्या भाचीला तगालोग, म्हणजे तिकडची मुख्य भाषा, शिकवतील. नागाला पोचल्यावर तिला कळेल की गल्लीत लोक बिकोल बोलतात. घाबरायचं कारण नाही, तगालोग सगळ्यांना येते, आणि बिकोलचे चार शब्द बोललं की म्हाताऱ्या बायका खूश होऊन आत बसवतात. मराठी मुलांना एक फायदा मी नेहमी पाहते : आपण लहानपणापासून दोन-तीन भाषा ऐकत वाढलेलो असतो, चुकीचं बोलायची लाज कमी वाटते. उत्तर अमेरिकेतून आलेल्या काही हुशार मुली व्याकरण नीट जमेपर्यंत तोंड उघडत नसत, आणि त्यांचेच पहिले दोन महिने फार जड जात.

आता रोजचा दिवस. सकाळी साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम, मग अंघोळ, नाश्ता. तिकडे बहुतेक घरांत बादली आणि लांब दांड्याचा मग असतो, त्यामुळे आपल्या मुलीला नवीन काही नाही. आठच्या सुमारास अभ्यास सुरू होतो : आधी एकटीने, बायबल आणि बुक ऑफ मॉर्मन हा चर्चचा दुसरा धर्मग्रंथ वाचत, आज ज्यांना भेटायचंय त्यांना काय लागेल याचा विचार करत. मग दोघींनी मिळून, मग भाषेचा. पहिले बारा आठवडे नव्या मुलीला एक अनुभवी सिस्टर ट्रेनर म्हणून दिलेली असते, तेव्हा हा अभ्यास थोडा जास्त असतो. पूर्वी हे वेळापत्रक मिनिटांवर बांधलेलं असे. 2017 पासून ते थोडं सैल झालं आहे, जागेप्रमाणे बदलता येतं.

त्यानंतर बाहेर. आणि इथे बरेच जण समजतात की दिवसभर अनोळखी दारं वाजवत फिरायचं. तसं क्वचितच असतं. बराचसा वेळ आधी ठरलेल्या भेटींत जातो : कुणाला श्रद्धेविषयीचा धडा शिकवायचा आहे, कुणी आजारी आहे म्हणून बघायला जायचंय, कुणी महिनाभर चर्चमध्ये आलेलं नाही. हल्ली मिशनऱ्यांकडे चर्चने दिलेला स्मार्टफोन असतो, फिलिपिन्समध्ये मेसेंजरवर भेटी ठरतात आणि लोकांची नोंद चर्चच्या ॲपमध्ये ठेवतात. आमच्या वेळी जाड फायली होत्या, पावसात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यायच्या.

एक दृश्य सांगते, म्हणजे तुमच्या बहिणीला डोळ्यांसमोर आणता येईल. दुपारचे तीन वाजलेत. दोघी मुली, गुडघ्याखाली जाणारा घागरा, पायात मजबूत बूट, खांद्याला पिशवी, हातात छत्री, छातीवर काळी नावाची पट्टी. (डिसेंबर 2018 पासून सिस्टरांना पँट घालायलाही परवानगी आहे, डासांच्या भागात तीच बरी.) ट्रायसिकल म्हणजे मोटरसायकलला जोडलेली डबी, तिच्यातून उतरून भाताच्या शेताच्या बांधावरून घरापर्यंत जायचं. घर अर्धं सिमेंटचं, अर्धं बांबूचं. दाराला कडी वाजवायची पद्धत नाही, फाटकाबाहेर उभं राहून ‘ताओ पो!’ अशी हाक द्यायची. कुत्रं भुंकतं, आतून कुणीतरी डोकावतं, प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर येतात. घरात जेवायला बसले असतील तर पहिला शब्द ‘काइन!’, या जेवायला. लहान मुलं येऊन तुमचा हात आपल्या कपाळाला लावतात, ही त्यांची वडीलधाऱ्यांना नमस्कार करायची रीत. मग गाणं, प्रार्थना, अर्ध्या-पाऊण तासाचं बोलणं. कधी बोलणं धर्मावर असतं, कधी सगळा वेळ घरची बाई दुबईत कामाला गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलते आणि मिशनरीने फक्त ऐकायचं असतं. तेही काम आहे, आणि माझ्या मते त्यातलं महत्त्वाचं.

दुपारी एक तास आणि संध्याकाळी एक तास जेवणाचा. रात्री नऊच्या सुमारास घरी, दुसऱ्या दिवसाचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, मालिका नाहीत, कुणाशी प्रेमसंबंध नाहीत, पोहायला जाणं नाही, सोशल मीडिया फक्त कामापुरता. ऐकायला तुरुंगासारखं वाटतं, माझ्या वडिलांनाही वाटलं होतं. पण विशीतल्या मुलीला परक्या देशात, परक्या भाषेत, रोज कुणी ना कुणी ‘नको’ म्हणतं. ठरवून दिलेला दिवस नसेल तर ती दुपारी खोलीत पडून रडेल. सात वाजता काय आणि आठ वाजता काय हे ठरलेलं असलं, की मन भरकटायला जागा कमी मिळते. ज्या मुलींनी वेळापत्रक सोडलं त्यांचा मूड आधी गेला, मग तब्येत गेली, हे मी वारंवार पाहिलंय.

आता कम्पॅनियन, म्हणजे बरोबर राहणारी ती दुसरी मुलगी. मिशनरी कधीही एकटा नसतो. दोघी सतत एकमेकींना दिसतील आणि ऐकू येतील इतक्या अंतरात राहायचं असतं, अपवाद न्हाणीघराचा. साधारण सहा आठवड्यांनी ट्रान्सफर होते : कुणी गाव बदलतं, कुणी तिथेच राहतं आणि नवी कम्पॅनियन येते. निवड आपली नसते. तुमच्या भाचीच्या वाट्याला सेबूची शेतकऱ्याची मुलगी येईल, सामोआची येईल, नाहीतर अमेरिकेतल्या युटाची, जिच्या घरात पाच पिढ्या मिशनवर गेल्यात. त्यांच्यात तीच एकटी अशी असेल जिच्या घरी कुणीच या चर्चमध्ये नाही. ते सोपं नसतं.

माझी एक कम्पॅनियन मिंडानावची होती. पहिले दहा-बारा दिवस रस्त्यात बोलायचीच नाही. धडे नीट द्यायची, घरी आली की भिंतीकडे तोंड. आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी आमच्यात एक प्रथा असते : दोघींनी समोरासमोर बसून विचारायचं, तुला माझ्याकडून काय मदत हवी, काय खटकतंय. त्या दिवशी पाऊस होता, आम्ही खोलीतच दोन स्टुलांवर बसलो होतो, मध्ये सुकायला टाकलेले कपडे. मी विचारल्यावर तिने सांगितलं की वडिलांची किडनी गेलीय, आणि घरी पैसे नसताना आपण इथे आहोत याची तिला लाज वाटते. मी त्याच रात्री तिला घेऊन प्रेसिडेंटना फोन लावला. त्यांनी तिचं घरी बोलणं करून दिलं, तिच्या गावच्या ब्रांचमधून, म्हणजे चर्चच्या तिथल्या छोट्या मंडळीकडून, मदत पोचवली, आणि परत जायचं की राहायचं हे तिच्यावर सोपवलं. ती राहिली. आजही दर ख्रिसमसला तिचा फोन येतो.

हे इतकं सविस्तर लिहिलं, कारण मिशनवर गेलेली मुलगी कोसळते ती बहुतेक वेळा दाराबाहेरच्या नकाराने कोसळत नाही. खोलीतल्या अबोल्याने कोसळते. तुमच्या भाचीला निघायच्या आधी घरी एक सवय लावता आली तर लावा : काही खटकलं तर चार दिवस मनात न ठेवता सरळ, शांतपणे बोलायचं. आपल्या घरांत मुलींना गप्प बसायला शिकवतात. तिथे ते महागात पडतं.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण मनात असणारच. सिस्टर मिशनरी घरात एकटा पुरुष असेल तर आत बसून धडा देत नाहीत, बरोबर दुसरी प्रौढ बाई लागते. अंधार पडल्यावर कुठल्या भागात जायचं नाही हे ठरलेलं असतं. खरे धोके साधे आहेत : डेंग्यू, पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टो, कुत्रं चावणं, रस्त्यावरची वाहनं. डासांचं मलम, पायात बंद बूट आणि उकळलेलं किंवा गाळलेलं पाणी, या तीन गोष्टींत तिने कधीही कंटाळा करू नये. कुत्रं चावलं तर त्याच दिवशी डॉक्टर, ‘बघू उद्या’ नाही.

आणि वादळं. बिकोल हा वादळांच्या वाटेवरचा भाग आहे. 2014 च्या जुलैमध्ये ग्लेंडा वादळ आलं तेव्हा मी कामारिनेस सूर प्रांतात होते. ऑक्टोबर 2024 मध्ये क्रिस्टीन वादळाने नागा शहर पाण्याखाली गेलं, त्या बातम्या तुम्ही पाहिल्या असतील. फिलिपिन्सची हवामान संस्था 1 ते 5 असे सिग्नल देते. सिग्नल वाढायच्या आधीच मिशन कार्यालयाचा निरोप येतो : बॅग घ्या, चर्चच्या इमारतीत जा, किंवा आहात तिथून हलू नका. प्रत्येक मिशनरीजवळ तीन दिवस पुरेल असं खाणं, पाणी, विजेरी, औषधं आणि कागदपत्रं भरलेली पिशवी तयार असते. ग्लेंडाच्या रात्री आम्ही मिशनरी आणि गावातली कितीतरी कुटुंबं चर्चच्या हॉलमध्ये झोपलो. सकाळी बाहेर आलो तर नारळाची झाडं आडवी. त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती आणि आमचं काम म्हणजे लोकांच्या घरातला चिखल काढणं, पत्रे उचलणं. एकही धडा दिला नाही, आणि त्या दिवसांत केलेल्या कामाचा मला फार अभिमान आहे. तुमच्या बहिणीला मात्र हे सांगून ठेवा : वादळानंतर नेटवर्क जातं, दोन-तीन दिवस निरोप आला नाही तर त्याचा अर्थ वाईट धरू नये. मिशन कार्यालय प्रत्येक जोडीची खबर घेतं आणि घरच्यांना कळवतं.

खाण्याचं बोलते, कारण मराठी आईचा जीव तिथेच अडकलेला असतो. तीनही वेळा भात. मासे, डुक्कर, कोंबडी. तुमची भाची शाकाहारी असेल तर तिला स्वतः रांधायला यायलाच हवं, कारण भाजीतही सुकट किंवा माशांची चटणी असते आणि तिकडच्या लोकांना ते मांसाहारात मोजावंसं वाटत नाही. पण बिकोलमध्ये आपल्या माणसाला दिलासा देणारं पुष्कळ आहे. तिथली माणसं नारळाचं दूध आणि मिरची यांवर जगतात. लाइंग नावाचा पदार्थ म्हणजे वाळवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात मिरची घालून आटवलेली. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला आमच्या आजीचं अळूचं फदफदं आठवून गळा दाटला, घास गिळवेना. मूग मिळतात, शेवग्याचा पाला मिळतो, वांगी, केळी, अंडी मिळतात. एक डबा गोडा मसाला आणि थोडा हिंग बरोबर द्या, हिंग तिथल्या गावात मिळणार नाही. चहा-कॉफी तिने सोडलेलीच असेल, दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीही चर्चच्या नियमात बसत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडून उपास असतो, ते वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. आपल्या मुली एकादशी-चतुर्थी पाहून मोठ्या झालेल्या असतात, त्यांना उपासाचं ओझं वाटत नाही.

पैशांचं चित्र असं : पगार नाही. ही स्वयंसेवा आहे. अमेरिकेतल्या मुलांचं कुटुंब जुलै 2020 पासून महिन्याला 500 डॉलर भरतं, मूल कुठल्याही देशात असो. आपल्याकडे रक्कम वेगळी ठरते, कुटुंबाला झेपेल तेवढी, आणि उरलेलं स्थानिक सदस्य व चर्चचा मिशनरी निधी उचलतो. विमानाचं तिकीट चर्चचं. घरभाडं मिशन कार्यालय भरतं, हातात महिन्याचा खर्च येतो : जेवण, प्रवास, साबण. तो पुरतो, पण हिशेब ठेवला तरच. घरून वेगळे पैसे पाठवायची सवय लावू नका. बरोबरच्या मुलीकडे तसं कुणी पाठवणारं नसतं आणि एकाच खोलीत दोन प्रकारचं जगणं सुरू झालं की मनं दुरावतात. आजारपणाचा खर्च निघाला तर आधी मिशन कार्यालयाशी बोला.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर : दिवस कडक आहे पण तो तिला धरून ठेवतो, बरोबरची मुलगी नशिबाने मिळते पण नातं हाताने घडवावं लागतं, आणि धोके बहुतेक डास, पाणी व वादळाचे आहेत. आता घरच्यांच्या हातात काय आहे त्याकडे वळते.

सोमवार. बहुतेक मिशनमध्ये हा पी-डे असतो, तयारीचा दिवस. सकाळी कपडे धुवायचे. आठवड्याचे कपडे, मोठ्या घमेल्यात, ब्रशने घासून. मग बाजार, केस कापणं, घर झाडणं, जमलं तर आसपासचं एखादं ठिकाण बघणं. संध्याकाळी सहाला पुन्हा कामावर. याच दिवशी घरी फोन, व्हिडिओ कॉल, मेसेज. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला घरच्यांशी बोलायची मुभा आहे. त्याआधी वर्षाला दोनच फोन असत, ख्रिसमसला आणि मदर्स डेला, बाकी आठवड्याची ईमेल. माझी तिकडची दिवाळी एका ईमेलवर गेली. आईने फराळाचे फोटो पाठवले होते आणि मी सायबर कॅफेत बसून ते पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. तुमच्या बहिणीला तो त्रास नाही.

फिलिपिन्सचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. म्हणजे तिची सोमवारची मोकळी वेळ आपल्याकडे दुपारी साडेतीनला संपते. तुम्ही सगळे नोकरीवर असता, तेव्हा सोमवारी सकाळी आठ-नऊची वेळ बांधून घ्या, तिकडे तेव्हा साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. फोन ती करेल, तुम्ही मधल्या वारी लावू नका. घरात कुणाचं काही बरंवाईट झालं तर सरळ मिशन कार्यालयाला कळवा, प्रेसिडेंट स्वतः तिच्याजवळ बसून सांगतात. लग्नकार्यासाठी मात्र मधून येता येत नाही. मावसबहिणीचं लग्न या दीड वर्षात ठरत असेल तर ती नसणार, हे आत्ताच मनाला समजावून ठेवा.

आणि त्या फोनवर काय बोलायचं, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. काही घरांत आठवड्याचा फोन म्हणजे आईचं रडणं आणि ‘कधी येतेस’. ती मुलगी फोन ठेवते आणि पुढचे दोन दिवस तिचं कशातच लक्ष लागत नाही. उलट काही घरांत सगळं इतकं गोड बोलतात की मुलीला आपलं दुःख सांगायला तोंडच उघडत नाही. तिला साधं विचारा : या आठवड्यात कुणाकडे जेवलीस? कम्पॅनियन कशी आहे? झोप लागते का? पायाला फोड आलेत का? घरचं साधं सांगा, गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली, पाण्याची टाकी बदलली. कम्पॅनियनला स्क्रीनवर बोलावून दोन शब्द बोला, तुमच्या मोडक्या इंग्रजीत चालेल. त्या मुलीलाही घराची आठवण येत असते, आणि तुमच्या भाचीचं तिच्याशी जे नातं जुळतं त्यात तुमचा तो दोन मिनिटांचा हात लागतो.

झोप लागत नाही, जेवण जात नाही, सतत रडू येतं, असं सलग दोन-तीन सोमवार ऐकलंत तर थांबू नका. तिला सांगा की प्रेसिडेंटच्या पत्नीशी बोल. मिशनरींच्या तब्येतीची जबाबदारी बरेचदा त्यांच्याकडे असते, आणि मानसिक त्रासासाठी चर्चचे समुपदेशकही आहेत. काही मुली लवकर परततात. तिला कुणीही अडवून ठेवू शकत नाही : ती प्रेसिडेंटशी बोलेल, ते थोडं थांबून बघ म्हणतील, आणि तरी तिने ठरवलं तर परतीचं तिकीट होतं. मार्च 2020 मध्ये कोविड आला तेव्हा हजारो मिशनरींना एकदम घरी आणलं किंवा हलवलं, तशी यंत्रणा आहे. लवकर परतलेल्या मुलीकडे ‘हरून आली’ अशा नजरेने बघणारे लोक चर्चमध्येही भेटतात, हे मी सदस्य असूनही सांगते, कारण खरं आहे. त्या वेळी घर तिच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे.

एक प्रश्न तुम्ही भीत भीत विचारलाय : ती तिकडे लोकांना ‘बाटवते’ का? ती लोकांना आपल्या श्रद्धेविषयी सांगते आणि बाप्तिस्म्याचं आमंत्रण देते, हे खरं, त्यात लपवाछपवी नाही. नियम असे की अठरा वर्षांखालच्या मुलाला आईवडिलांच्या संमतीशिवाय आणि विवाहित माणसाला जोडीदाराच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा देत नाहीत. फिलिपिन्स बहुसंख्य कॅथलिक देश आहे, बरेच लोक प्रेमाने ऐकतात आणि प्रेमाने ‘आम्ही आहोत तिथे बरे’ म्हणतात. पुण्याच्या लोकांना हे अगदी नवं नाही : ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी 1852 मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात येऊन त्याने इथे छोटी ब्रांच उभी केली होती. तेव्हाही ऐकणारे थोडे आणि न ऐकणारे फार होते. मला तुमच्याकडून मान्यता नको आहे, फक्त तुमची भाची तिथे फसवाफसवी करत नाही एवढं तुमच्या मनात स्वच्छ असावं. तिला ते तुमच्या आवाजात कळतं.

निघायच्या आधीची दोन कामं राहिली. दातांची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या, चष्म्याची जास्तीची जोडी द्या, कारण खेड्यात दाढ दुखायला लागली की अख्खा आठवडा जातो. आणि तिचं शिक्षण अर्धवट असेल तर कॉलेजात गॅपचा अर्ज लेखी देऊन पोचपावती घ्या. परत आल्यावर पुनर्प्रवेशासाठी धावपळ करणाऱ्या मुली मी दरवर्षी पाहते. ती साधारण कुठल्या महिन्यात परतेल हे मिशनच्या बोलावण्याच्या पत्रावर असतंच, त्यावरून पुढच्या सत्राची तारीख आत्ताच ऑफिसात विचारून ठेवा. परतल्यावर पहिले काही आठवडे ती पहाटे उठेल, घरात तिला एकटीला बसवणार नाही आणि मराठी बोलताना मध्येच तगालोग शब्द येतील. तेव्हा लगेच नोकरी-लग्नाचं काढू नका, महिनाभर तिला घरात नुसतं वावरू द्या.